भर उन्हात टेकडीवर पडलेला सडा

आधीच सांगून ठेवते, असल्या गोष्टींवर माझा काडीचा विश्वास नव्हता. 'नव्हता' लिहिलं खरं, पण आता आहे का, हे विचाराल तर तेही मला धड सांगता येईना. म्हणूनच तर लिहायला बसले. जन्मभर मी मुलींच्या शाळेत पी.टी. शिकवली. शिट्टी, मैदान आखायची पांढरी फक्की, खो-खोचे खांब आणि उन्हात उभं राहून घसा फोडणं, हेच माझं आयुष्य. एखादी मुलगी 'मॅडम, जिन्याखाली भूत आहे' म्हणत रडत आली, की मी तिला मैदानाला चकरा मारायला लावायचे. भूत जायचं पळून. माहेर माझं पिशोरचं. तिकडं विहिरीपाशी, बांधावर, जिथं तिथं लोकांना काहीबाही दिसायचं, पण मला मेलं कधी काही दिसलं नाही. तेव्हा तुम्हाला हसायचं असेल तर खुशाल हसा. दुसऱ्या कुणी सांगितलं असतं तर मीही हसलेच असते.

जागा नीट सांगते, म्हणजे ज्याला यायचं त्याला येऊन बघता येईल. छत्रपती संभाजीनगरातला हर्सूलचा तलाव तुम्हाला माहीत असेल. त्याच्या मागच्या अंगाला एक बोडकी टेकडी आहे. झाड म्हणाल तर पायथ्याशी एक कडुनिंब, बाकी सगळं कुसळ आणि मुरूम. टेकडीच्या माथ्यावर दगडी चबुतरा आहे, जुना, कोपरे पडलेले. तिथं बसलं की अख्खं पाणी पायाशी दिसतं, पलीकडं शहर... आणि वारा तर असा की उठावंसं वाटत नाही. जुन्या काळी बड्या घरच्या बायकांना मेण्यात बसवून तलाव बघायला तिथं आणायचे म्हणे. त्यासाठी खालपासून वरपर्यंत दगडी फरसबंदीची वाट केलेली होती. मेणा खांद्यावर घेऊन चार माणसं चढणार, म्हणजे वाट कशी, अगदी आरामाची, हळूहळू चढत जाणारी. त्या वाटेचा थोडा तुकडा पायथ्याला दिसतो, थोडा चबुतऱ्यापाशी. मधली वाट मात्र गायब! कुठं गेली, कुणालाच ठाऊक नाही. लोक आता सरळ नाकासमोर मुरमावरून चढतात, अन् उतरताना बऱ्याचदा बुडावर येतात.

आमचा सकाळी फिरायला जाणाऱ्यांचा ग्रुप आहे. त्यातली दोन माणसं तुम्हाला माहीत हवीत. एक कुलकर्णी सर. कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवायचे, आता रिटायर. दगड हातात घेतला की तास घेतल्याशिवाय खाली ठेवत नाहीत. दुसरी नसरीन आपा. तिचं हर्सूलला शिलाईचं दुकान आहे. आमची मैत्री अशी की दिवसातून एकदा भांडल्याशिवाय दोघींनाही चैन पडत नाही.

आणि तिसरे, आमचे हे.

हे वीजखात्यात होते. देवगाव रंगारीचा गडी, खांबावर चढण्यात उभा जन्म गेला. दर रविवारी टेकडी चढायचे, तेही शीळ घालत. मग एके दिवशी आंघोळीला गेलेला माणूस बाथरूममध्ये कोसळला. अर्धांगवायू. बोलणं आलं परत, हातही आला बऱ्यापैकी, उजवा पाय मात्र ओढतच राहिला. डॉक्टर म्हणाले, "हळूहळू चालतील, चढही चढतील, फक्त चढ अंगावर येणारा नको. आणि मुख्य म्हणजे यांच्या मनात हवं." मनातच तर नव्हतं! दिवसभर टीव्हीपुढं बसायचे, टीव्ही बंद असला तरी. मी ओढून गाडीत घालायचे, कडुनिंबाखाली प्लास्टिकच्या खुर्चीत बसवायचे आणि आम्ही वर जायचो. एकदा मी निघताना हे म्हणाले, "तू जात जा. माझं झालं आता." रागानं नाही हो, अगदी साधं, 'भाजीत मीठ झालं' म्हणतात तसं. मला त्या दिवशी टेकडीवर रडू कोसळलं. नसरीन आपानं ओढणी पुढं केली आणि स्वतःच रडायला लागली.

तेव्हा ठरवलं, ती मेण्याची वाट शोधायची. वारसा, इतिहास, पर्यटन, हे बाकीच्यांसाठी. आम्ही मीटिंगमध्ये बोलायचोही तसंच छान छान. पण मला माझा नवरा वर न्यायचा होता, बस्स. मेणा चढू शकतो त्या वाटेनं हे चढू शकतील, इतका साधा हिशोब.

कुलकर्णी सरांनी खेटे घालून परवानगी काढली. त्याच सुमारास कळलं की टेकडीवर सरळ सिमेंटच्या पायऱ्या करायचं घाटतंय. खालून वर, शिडीसारख्या. मी तडक त्या कामाच्या साहेबांना गाठलं. माणूस वाईट नव्हता, घाईत होता. म्हणाला, "मॅडम, जुनी वाट सलग दाखवा, पायऱ्या रद्द करतो. पण सलग हं. दोन टोकांना चार दगड दाखवून चालायचं नाही. सोमवारी सकाळी मी येतोय, खणायचं मशीन सोबतच आहे."

आता आमचा शहाणपणा ऐका. आम्ही महिनाभर खपत होतोच. टेकडीच्या उजव्या अंगाला चुन्यानं रंगवलेले दगड होते, ठरावीक अंतरावर, ओळीनं वर गेलेले. कुलकर्णी सर म्हणाले, "ही वाटेची खूण असणार." झालं! आम्ही त्या ओळीनं सगळं गवत काढलं, मुरूम उपसला, कमरेचे टाके ढिले झाले. फोटो काढले, ग्रुपवर टाकले, एकमेकांना अंगठे दाखवले. फरशी मात्र एक लागेना. शनिवारी टेकडीवर माझी एक जुनी विद्यार्थिनी भेटली, सुनीता, आता पोलिसात आहे. दगड बघून तोंडावर हात ठेवून हसायला लागली. म्हणाली, "मॅडम, हे तर आम्हीच रंगवलेले! भरतीच्या टायमाला पळायची प्रॅक्टिस करायचो ना, त्याच्या खुणा." कुलकर्णी सर हातातलं फावडं टाकून असे खाली बसले की मला त्यांची दया आली. मला स्वतःचीही आली म्हणा. पी.टी.ची मास्तरीण मी, आणि मला पळायचा ट्रॅक ओळखू येऊ नये!

म्हणजे शनिवारी संध्याकाळी हातात शून्य, आणि सोमवारी मशीन.

रविवारी बाकी कुणी आलंच नाही. मे महिना, दुपारची वेळ, कोण मरायला येतंय? मी आले कारण घरात बसवेना. नसरीन आपा आली कारण मी आले. हे आले कारण मी यांना विचारलंच नाही, गाडीत घातलं. कडुनिंबाखाली यांची खुर्ची मांडली, पाण्याची बाटली दिली. आम्ही दोघी थोडं वर जाऊन एका दगडावर बसलो. ऊन असं की डोळे उघडवत नव्हते. टेकडी कोरडी ठण्ण. मी आपाला म्हणाले, "संपलं गं."  ती भांडलीसुद्धा नाही, म्हणजे बघा.

तेवढ्यात खालून यांची हाक. "अगं ए मास्तरीण! टेकडीला पाणी कुणी मारतंय?"

मी वरूनच ओरडले, "काय?"

"पाणी! सडा! तुमच्या डावीकडं बघ की!"

मला वाटलं, ऊन लागलं यांना. धावत निघाले खाली, आणि अर्ध्यातच थबकले. पायथ्याच्या फरशीच्या तुकड्यापासून एक ओला पट्टा निघाला होता. सडा घातल्यावर अंगण दिसतं ना, तसा. धुळीत थेंबांचे खड्डे पडलेले, कडेला शिंतोडे उडालेले, मधली माती काळीशार. पट्ट्याची रुंदी दोन माणसं शेजारी शेजारी चालतील एवढी. आणि वास! भर मे महिन्यात, सगळं भाजून निघत असताना ओल्या मातीचा वास. नसरीन आपानं वाकून बोट लावलं. बोटाला चिखल लागला.

"टीचर," ती म्हणाली, "यहाँ तो कोई नाय."

नव्हतंच कुणी. टँकर तिथवर येत नाही. नळ नाही, पाइप नाही. तलाव पार खाली, त्यातही उन्हाळ्यामुळं पाणी आत गेलेलं. आणि पट्टा वर सरकत होता. हो, सरकत होता. मी डोळ्यांनी बघितलं. आमच्या पुढं, हात पोचणार नाही इतक्या अंतरावर, कोरड्या मातीवर थेंब पडत होते. पडताना दिसत नव्हते, पडलेले दिसत होते. थप... थप... थप... असा आवाजही येत होता.

घाबरले का? खरं सांगते, आधी संताप आला. मी ओरडले, "कोण आहे रे तिकडं? समोर ये!" शाळेतला आवाज माझा, टेकडी दणाणली. थप थप मात्र थांबलं नाही, आपल्या चालीनं चाललेलं. मग मात्र मानेवर काटा आला.

आणि खालून आमचे हे, जे महिनोन्महिने धड एक वाक्य मोठ्यानं बोलले नव्हते, ते खुर्चीतून उठून काठी उगारून ओरडत होते, "उभ्या काय राहिल्या? सुकतंय ते! मागून सुकत चाललंय! फक्की टाका, फक्की!"

मागं बघितलं, तर खरंच. ऊन ओल पिऊन टाकत होतं. पायथ्याचा पट्टा विरायला लागला होता. माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. गाडीत फक्कीची गोणी होती, खणायच्या जागा आखायला आणलेली. आपा पळाली... तिला पळताना मी आयुष्यात पहिल्यांदा बघितलं. घमेलं भरून घेऊन आली आणि मी सुरू केलं. मैदान आखण्यात हयात गेली माझी, हात आपोआप चालला. ओलीच्या दोन्ही कडांनी पांढरी रेघ ओढत वर, वर, वर. आपा घमेली भरून आणत होती आणि 'या अल्ला, या अल्ला' म्हणत होती.

आम्हाला जवळून फक्त पुढची चार पावलं दिसत. यांना खालून अख्खी टेकडी दिसत होती. त्यामुळं हे सांगत होते आणि आम्ही आखत होतो. "डावीकडं! अगं डावीकडं, मास्तरीण! लई उजवीकडं गेलीस! हां... आता वळतंय, वळतंय बघ..." पट्टा सरळ चढतच नव्हता. आडवा जायचा, अलगद वळायचा, पुन्हा आडवा. आम्ही जिकडं महिनाभर खणत होतो त्याच्या अगदी उलट्या अंगाला. मग तो टेकडीच्या खांद्यावरून मागच्या बाजूला गेला, आणि यांचा आवाज तुटला.

तिथं मी एकटी होते. आपा खाली फक्की आणायला गेलेली. मागच्या अंगाला वारा नव्हता, नुसता तो थप थप आवाज. आणि ओल्या चामड्याचा वास, जुन्या मोटेला असायचा तसला.  एकदा वाटलं, घमेलं टाकावं आणि पळत सुटावं. पण मग आठवलं, उद्या मशीन येणार. मी त्या मोकळ्या जागेकडं बघून हात जोडले आणि म्हणाले, "बाबा, तू कोण असशील तो अस. पण थांबू नको. वरपर्यंत चल." मला माझाच आवाज अनोळखी वाटला. मी कुणाला कधी अशी विनवणी केलेली नाही.

नाही थांबला. चबुतऱ्यापाशी जिथं जुन्या फरशीचा वरचा तुकडा आहे, तिथं जाऊन पट्टा बरोबर त्याला मिळाला. शेवटचा थप झाला आणि सगळं शांत. मी चबुतऱ्यावर बसले. खाली पाणी चमकत होतं. आपा धापा टाकत आली, माझ्याकडं बघितलं आणि घमेलं डोक्यावर तसंच धरून रडायला लागली. पुढच्या क्षणाला आम्ही दोघी हसत होतो, वेड्यासारख्या.

ती म्हणाली, तिची आजी सांगायची, मेणा वर चढायच्या आधी भिश्ती चामड्याच्या पखालीनं वाटेवर पाणी शिंपडत पुढं जायचा. धूळ उडू नये, मेण्यातल्या बायकांना त्रास होऊ नये म्हणून. कामच होतं त्याचं ते. मी म्हणाले, "आपा, आत्ता हे मला सांगू नकोस. आधी खणू या, मग घाबरू या."

खाली येऊन ग्रुपवर मेसेज टाकला, 'कुदळ, टिकाव, फावडं घेऊन ताबडतोब या, कारण नंतर सांगते.' उन्हं कलायच्या आत सगळे हजर. ओल तोवर पार सुकली होती, फक्कीच्या दोन रेघा तेवढ्या टेकडीवर दिसत होत्या. कुलकर्णी सरांनी पहिला टिकाव मारला. जेमतेम वीतभर माती निघाली आणि... ठण्ण! दगड. घडीव, चौकोनी, शेजाऱ्याला चिकटून बसलेला. सर गुडघ्यावर बसले आणि हातानं माती पुसायला लागले. मग वर खणलं, तिथंही दगड. वळणावर खणलं, तिथं तर कडेचे उभे दगडसुद्धा जागच्या जागी. जिथं रेघ तिथं दगड! लोक ओरडत होते, शिट्ट्या मारत होते. मीही माझी जुनी शिट्टी काढून फुंकली. आमचे हे खाली खुर्चीशेजारी उभे होते. बसायचं विसरले होते.

सोमवारी साहेब आले. आम्ही जागोजागी माती काढून फरशी उघडी ठेवली होती. साहेब पायथ्यापासून चबुतऱ्यापर्यंत चालत गेले. वर पोचल्यावर कपाळाचा घाम पुसला... घाम तरी कुठं फारसा होता! म्हणाले, "आयला, दम लागलाच नाही की." मग खाली फोन लावून मशीन परत पाठवलं. आमच्या ग्रुपनं असा जल्लोष केला की तलावावरचे बगळे उडाले.

पुढं वाट पूर्ण मोकळी करायला पावसाळा उलटून गेला. निखळलेले दगड बसवले, खचलेल्या कडा चुन्यात बांधून घेतल्या, सिमेंटचा कणही लावू दिला नाही.

आता तुमचे प्रश्न मला माहीत आहेत, कारण ते सगळे कुलकर्णी सरांनी आधीच विचारलेत. फुटलेली पाइपलाइन? टेकडीवर पाइपलाइनच नाही. जमिनीखालची जुनी नहर? असलीच तर खूप खाली, आणि पाणी काय चढावर, तेही वळणं घेत जातं का? गाडलेल्या दगडांमुळं वर ओल धरली असेल? सरांना ही कल्पना फार आवडली होती. मग नसरीन आपानं मोबाइलवर घाईत काढलेला फोटो दाखवला. धुळीत थेंबांचे खड्डे, कडेचे शिंतोडे, सगळं स्वच्छ. सरांनी तो मोठा करून करून बघितला आणि चष्मा पुसत म्हणाले, "हे वरून पडलेलं पाणी आहे." त्यानंतर त्यांनी हा विषय काढलेला नाही. ग्रुपमधल्या कुणी केलं म्हणाल, तर आमच्यातले लोक साधा चहा पाजला तरी दहा वेळा बोलून दाखवतात. अशी गोष्ट कुणी पोटात ठेवेल, हे शक्यच नाही.

वाट पूर्ण झाल्यावरच्या पहिल्या रविवारी सकाळी मी यांना म्हणाले, "चला." हे म्हणाले, "कुठं?" मी म्हणाले, "अहो, आखताना तुम्हीच ओरडत होता ना! आता चालून बघा." काठी घेतली आणि निघाले. मी मागं, आपा पुढं. कुणी हात द्यायचा नाही, असं यांनी बजावलं होतं. पहिल्या वळणावर थांबले. दुसऱ्यावर पाय थरथरायला लागला, माझा जीव खालीवर. मी म्हणाले, "बसा जरा." तर म्हणतात, "तू बस. तुलाच दम लागलाय." टेकडीच्या मागच्या बाजूला बराच वेळ उभे राहिले, मग पुन्हा पाय ओढत, दगड दगड करत पुढं. आणि चढले! चबुतऱ्यावर टेकले, काठी आडवी ठेवली आणि तलावाकडं बघत राहिले. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसत नव्हते. मी तर काय, हुंदके देत होते सरळ.

मग हे म्हणाले, "चहा आणलायस ना?"

माझ्या लक्षात आलं, थर्मास खाली गाडीतच राहिला. मी उठायला लागले, तर यांनी हात धरून मला खाली बसवलं.

"बस तू," म्हणाले, "मी आणतो."

आपानं माझ्याकडं बघितलं. मी मान हलवली, जाऊ दे म्हणून. काठीची टकटक पहिल्या वळणापर्यंत ऐकू आली, मग मागच्या अंगाला गेली, मग नाही. आम्ही दोघी एकमेकींचे हात घट्ट धरून बसून राहिलो. किती वेळ गेला कुणास ठाऊक. मग टकटक पुन्हा ऐकू आली, चढणारी, आणि तिच्यासोबत मोडकीतोडकी शीळ.

त्या दुपारी टेकडीवर पाणी कुणी मारलं, मला आजही सांगता येत नाही. तुम्हाला सांगता आलं तर जरूर सांगा, मी ऐकून घेईन. चहा मात्र गार झाला होता. मी तो सगळा प्यायले.